इंजिन ५३४४ आणि जपण्याचा प्रश्न

न्यूयॉर्क सेंट्रल या अमेरिकन रेल्वेकडे हडसन जातीची वाफेची २७५ इंजिनं होती. पुढे चार, मध्ये सहा आणि मागे चार अशी त्यांच्या चाकांची मांडणी. न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्यामध्ये धावणारी ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ ही मानाची गाडी त्यांनीच वर्षानुवर्षं ओढली. मग डिझेलची इंजिनं आली आणि १९५० च्या दशकात हडसन एकामागून एक भंगारात निघाली. संग्रहालयात ठेवायलासुद्धा त्यांतलं एकही मागे राहिलं नाही.

त्यांतल्याच ५३४४ क्रमांकाच्या इंजिनाचं मॉडेल खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या लायनेल कंपनीने १९३७ साली बाजारात आणलं. कॅटलॉगमध्ये त्याचा क्रमांक ७००ई. मूळ इंजिनाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढं, ओतीव धातूचं, बॉयलरवरचे रिव्हेटसुद्धा जिथल्या तिथे. किंमत ७५ डॉलर. मंदीतून सावरू पाहणाऱ्या अमेरिकेत ही रक्कम म्हणजे कामगाराची काही आठवड्यांची मजुरी होती. ज्या लोखंडी राक्षसाची ही प्रतिकृती, तो वितळून कधीच दुसरं काहीतरी झाला. प्रतिकृती मात्र आज नव्वदीकडे झुकली असतानाही, वीज दिली की रुळावरून धावते.

‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात प्लेटोने पलंगाचं उदाहरण घेतलं आहे. खरा पलंग कल्पनेतला, सुताराचा पलंग त्याची नक्कल आणि चित्रकाराने रंगवलेला पलंग त्या नकलेची नक्कल, म्हणून सत्यापासून सर्वांत लांब. लायनेलचं इंजिन या उतरंडीत कुठे बसवायचं? ते चित्रासारखं नुसतं दिसत नाही. स्वतःच्या मोटरवर चालतं, डबे ओढतं, वळणावर कलतं. मूळ इंजिन काय करत होतं, त्याची ही नक्कल आहे. आणि मूळ इंजिन आता काहीच करत नाही. अशी वस्तू हातात आली तर तिच्याशी कसं वागावं? ती चालवावी, की पुन्हा कधी हात न लावता जपावी? जुन्या छोट्या आगगाड्या जमवणाऱ्यांमधला हा वाद वरवर छंदाचा वाटतो. पण जवळ असणं आणि वापरणं यांत काय फरक आहे, बदलत जाणारी वस्तू तीच राहते का, आणि माझं म्हणताना माणूस नक्की काय म्हणतो, हे तत्त्वज्ञानातले फार जुने प्रश्न त्याच्या पोटात आहेत.

हा वाद नीट कळायचा तर बाजाराची भाषा थोडी समजून घ्यावी लागते. १९५४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या यार्डली या गावी काही संग्राहक एकत्र आले आणि त्यांनी ‘ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन’ स्थापन केली. याच राज्यातल्या यॉर्क शहरात एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये या संस्थेचा मोठा मेळा भरतो आणि तिथे हजारो जुनी इंजिनं हात बदलतात. इंजिनाची अवस्था सांगण्यासाठी संस्थेने श्रेणी ठरवून दिल्या. सी-१० म्हणजे कारखान्यातून आलं तसं, अस्पर्श. तिथून चरे, टवके, गंज, हरवलेले भाग यांच्या हिशेबाने आकडा खाली उतरतो. फसवणुकीला आळा घालण्यासाठी ही सोय आवश्यकच होती आणि तिने बाजाराला शिस्तही लावली. पण तिचा एक परिणाम झाला. वरची श्रेणी मिळवण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरला: इंजिन कधीही न चालवणं. लायनेलचं केशरी-निळं पुठ्ठ्याचं खोकंसुद्धा वेगळं तपासलं जाऊ लागलं, त्याचे काने-कोपरे शाबूत आहेत का ते पाहिलं जाऊ लागलं. पन्नास-साठ वर्षं दोरा न सुटलेलं खोकं सर्वांत मोलाचं ठरलं.

दोरा न सुटलेलं खोकं म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा. कुणीतरी नाताळसाठी ते विकत घेतलं असेल आणि ते ज्याला द्यायचं त्याच्यापर्यंत पोचलं नसेल. किंवा दुकानात पडून राहिलं असेल. म्हणजे आज ज्याला परिपूर्ण अवस्था म्हणतात, ती बहुतेक वेळा कुठल्यातरी पोराच्या न मिळालेल्या खेळण्याची अवस्था असते.

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात जोड्याचं उदाहरण दिलं आहे. जोडा पायात घालता येतो आणि जोडा देऊन दुसरं काही घेताही येतं. दोन्ही त्याचे उपयोगच. पण पहिला त्याचा स्वतःचा उपयोग आहे, दुसरा नाही, कारण देवाणघेवाणीसाठी जोडा निर्माण झालेला नाही. खोक्यातलं इंजिन हे निव्वळ दुसऱ्या उपयोगावर जगतं. ॲरिस्टॉटल नीतिशास्त्रात याहून पुढे जातो. सद्गुण अंगी असणं आणि तो कृतीत येणं यांत तो फरक करतो. अंगी असलेला सद्गुण झोपेतही असतोच, पण ऑलिंपिकमध्ये मुकुट सुंदर आणि बलवान माणसांना मिळत नाही, मैदानात उतरलेल्यांना मिळतो. त्याच्या दृष्टीने वस्तूचं किंवा जिवाचं पूर्णत्व तिच्या क्रियेत असतं. या कसोटीवर सी-१० चं अस्पर्श इंजिन परिपूर्ण ठरत नाही. ते अजून सुरूच झालेलं नाही.

यावर कुणी म्हणेल, उपयोग कशाचा काय हे ठरवणार कोण? लायनेलचा जन्मच या शंकेचं उत्तर देतो. जोशुआ लायनेल कावेन हा न्यूयॉर्कचा तरुण. विजेच्या लहानसहान वस्तू करून पाहण्याचा त्याला नाद. १९०० साली त्याने कंपनी काढली आणि १९०१ मध्ये ‘इलेक्ट्रिक एक्स्प्रेस’ तयार केली: लाकडाचा उघडा डबा, खाली छोटी मोटर, धातूच्या पट्ट्यांचा गोल रूळ. हे खेळणं नव्हतंच. मॅनहॅटनमधल्या एका दुकानदाराच्या काचेआड, डब्यात विकाऊ माल ठेवून गाडी फिरवायची आणि रस्त्यावरच्या माणसांचं लक्ष वेधायचं, एवढाच हेतू होता. लोक आत आले, पण त्यांनी डब्यातल्या मालाऐवजी डबाच मागितला. वस्तूचा उपयोग करणाऱ्याने एक ठरवला होता, पाहणाऱ्यांनी दुसरा ओळखला, आणि कावेनने तो मान्य केला. १९०६ मध्ये त्याने तीन रुळांची पद्धत आणली, पुढे सव्वा इंच रुंदीचे ‘ओ’ गेजचे रूळ आले, १९३५ मध्ये टेंडरमधून, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यातून, वाजणारी शिट्टी आली, १९४६ मध्ये धुराच्या गोळ्या आल्या. यांतली एकेक सुधारणा गाडी चालवणाऱ्यासाठी होती. धूर खोक्यात निघत नाही.

शिट्टीची रचना तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गाडी आलटत्या (एसी) प्रवाहावर चालते. मुलाने ट्रान्सफॉर्मरवरची कळ दाबली की त्याच रुळांतून थोडा एकदिश (डीसी) प्रवाह मिसळला जातो, टेंडरमधला रिले तेवढाच ओळखतो, आतली लहान मोटर पंखा फिरवते आणि हवा शिट्टीतून बाहेर पडते. हवेच्या झोताने वाजणारी खरी शिट्टी ती. उलट-सुलट दिशेसाठी ‘ई-युनिट’ नावाचं यंत्र आहे. प्रवाह तोडला आणि पुन्हा दिला की त्यातला छोटा ढोल एक घर पुढे सरकतो: पुढे, थांब, मागे, थांब. चालू गाडीत हे युनिट एकसारखं गुणगुणत असतं. ज्यांनी बालपणी ते ऐकलं त्यांना पन्नास वर्षांनीही तो आवाज ओळखू येतो. जपणाऱ्या संग्राहकाच्या काचेच्या कपाटात हे सगळं आहे, आणि यांतलं काहीही नाही.

चालवलं की झिजतं, हा आक्षेप खरा आहे. आसांच्या बैठका सैल होतात, मोटरचे ब्रश संपतात, कम्युटेटरवर चर पडतो, चाकांच्या कडा घासतात. टेबलावरून इंजिन पडलं तर ओतीव धातूचा तुकडा उडतो आणि तो परत येत नाही. पण न चालवलं म्हणजे सुरक्षित राहतं, ही समजूत मात्र चुकीची आहे. बंद खोक्यात तेल चिकट होऊन वार्निशासारखं घट्ट बसतं, ग्रीस दगडासारखं होतं, वायरीवरचं रबर तडकतं, खोक्याचा पुठ्ठा ओल धरून धातूला गंजवतो.

आणि याहून गंभीर गोष्ट आहे जस्ताची. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अमेरिका, इंग्लंड, जर्मनी सगळीकडे खेळण्यांच्या कारखान्यांनी जस्ताची मिश्रधातू ओतून भाग बनवले. या ओतकामात शिशासारख्या अशुद्धीचा थोडा अंश जरी राहिला तरी धातूच्या कणांच्या सांध्यांतून आतल्या आत गंज धरतो. चाक फुगतं, बॉयलरला केसासारखे तडे जातात, शेवटी बोटाच्या दाबाने भुगा होतो. संग्राहक याला जस्ताची कीड म्हणतात, पण ती कीड नव्हे. ती बाहेरून लागत नाही आणि तिला औषध नाही. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्तापासून झामॅक नावाच्या मिश्रधातू तयार केल्या, तेव्हा उपाय सापडला, पण सगळे कारखाने ती शुद्धता पाळत नव्हते. युद्धापूर्वीच्या लायनेलच्या चाकांत आणि इंग्लंडच्या हॉर्नबी डब्लोच्या ओतकामात हा दोष भरपूर सापडतो. दमट हवेत तो लवकर वाढतो, कोरड्या हवेत हळू. पण एखाद्या इंजिनाचा शेवट कधी होणार, हे बहुतांशी ते ओतलं गेलं त्या दिवशीच ठरलेलं असतं. बौद्धांनी ज्याला अनित्यता म्हटलं ती इथे अलंकारिक राहत नाही, धातुशास्त्रात मोजता येते. अशा इंजिनाला खोक्यात ठेवणारा माणूस त्याचं आयुष्य वाचवत नाही, फक्त ते न चालवताच संपू देतो.

झिजेचा हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांना हात लावून, त्यांवर डोकं टेकून दर्शन घेण्याची रीत आहे. शतकानुशतकं हात लागले आणि मूर्ती झिजली. म्हणून तिच्यावर वेळोवेळी वज्रलेप झाले. २०२४ मध्ये मंदिराच्या संवर्धनाच्या कामासाठी पदस्पर्शदर्शन जवळपास अडीच महिने थांबवण्यात आलं आणि जूनमध्ये पुन्हा सुरू झालं. या दोन्ही कृतींमागे एक विचार आहे. झीज होते हे खरं, तिची काळजी घ्यायला हवी हेही खरं. पण काळजीचं उद्दिष्ट हात पुन्हा लागावेत हे आहे, कायमचे थांबावेत हे नव्हे. खेळण्याची देवाशी बरोबरी कुणी करू नये. वारकऱ्यांची ही रीत इथे आठवते ती एवढ्यासाठीच, की स्पर्शासाठी असलेल्या गोष्टीला स्पर्शापासून तोडून वाचवता येत नाही हे आपल्याकडे शास्त्रार्थाशिवायही माहीत आहे.

आता दुसरा प्रश्न. झिजलं तर बदलावं लागतं. ब्रश बदलले, मग चाकं, मग वायरी, मग मोटरचं आर्मेचर, मग वरचं कवच. शेवटी हातात असलेलं इंजिन १९३७ चं आहे का?

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सागल नगरीत ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यात झालेला संवाद पालीतल्या ‘मिलिंदपञ्ह’मध्ये आहे. राजा रथातून आलेला. नागसेन विचारतो, रथ म्हणजे दांडी का? आस का? चाकं का? सांगाडा का? प्रत्येक वेळी उत्तर नाही असंच येतं. भागांपलीकडे वेगळा रथही सापडत नाही. मग रथ हे या सगळ्या भागांच्या आधाराने चालणारं एक नाव आहे, असं राजा मान्य करतो, आणि नागसेन सांगतो की माझं नावही तसंच आहे. पश्चिमेत हाच प्रश्न प्लुटार्कने थीसिअसच्या जहाजाच्या निमित्ताने नोंदवला: कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत गेल्यावर जहाज तेच राहतं का, यावर अथेन्सच्या विचारवंतांचे दोन तट होते. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात एक पेच वाढवला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरं जहाज उभारलं, तर खरं जहाज कोणतं?

हॉब्जने हा पेच बुद्धीच्या कसरतीसाठी रचला असेल. जुन्या आगगाड्यांच्या बाजारात तो रोजचा व्यवहार आहे. एका इंजिनाचं चांगलं कवच काढून दुसऱ्याच्या चांगल्या चासीवर चढतं. उरलेलं खराब कवच आणि खराब चासी एकत्र येऊन तिसरं इंजिन बनतं. लायनेलच्या लोकप्रिय इंजिनांसाठी नवे भाग आजही बनतात आणि नवा भाग जुन्या इंजिनात बसला की फरक ओळखायला जाणता डोळा लागतो. दोन्ही इंजिनांवर एकच क्रमांक छापलेला असतो आणि दोन्ही विकणारे शपथेवर सांगू शकतात की हे तेच आहे.

इथे नागसेनाची वाट हॉब्जच्या पेचापेक्षा जास्त उपयोगी ठरते. कोणतं इंजिन मूळचं, हा प्रश्न भागांपलीकडचं एखादं गुप्त सत्त्व शोधायला लावतो आणि ते सापडत नाही. त्याऐवजी कोणते भाग कुठून आले, हे विचारलं तर खरं उत्तर देता येतं. इंजिनाची ओळख म्हणजे त्याचा इतिहास, आणि इतिहास लिहून ठेवता येतो. नवा भाग बसवला तर तो नवा म्हणून नोंदवावा, पुन्हा रंग दिला तर तो सांगावा. जाणते संग्राहक हा नियम काटेकोरपणे पाळतात आणि न सांगता विकणाऱ्याला कमी लेखतात. भाग बदलल्याने इंजिन खोटं होत नाही. बदल लपवल्याने होतं. वस्तूच्या तत्त्वज्ञानातून निघालेला हा प्रश्न शेवटी सचोटीवर येऊन थांबतो, हे नीट ध्यानात घ्यायला हवं.

मग मालकीचं काय? शेकडो इंजिनं जमवणारा माणूस उघडउघड परिग्रह करतो आहे, असं कुणालाही वाटेल. पण जैन आचार्य उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त परिग्रहाची व्याख्या करताना वस्तू मोजल्या नाहीत, मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची गुंगी, आसक्ती, हाच परिग्रह असं सांगितलं. ही व्याख्या कठोर आहे, कारण तिच्यातून सुटायला थोडक्याच वस्तू असणं पुरत नाही. एकच इंजिन असलेला आणि त्याला भाचरांचा हात लागू न देणारा माणूस मूर्च्छेत असू शकतो. शंभर इंजिनं असलेला आणि रविवारी दार उघडं ठेवणारा कदाचित नसेल. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की गीतेतल्या अपरिग्रहाचा अर्थ त्यांना इंग्लिश कायद्याच्या अभ्यासातून उलगडला: विश्वस्ताकडे कोट्यवधींची मालमत्ता असली तरी तिच्यातलं काहीच तो आपलं मानत नाही. जुन्या वस्तूंच्या संग्राहकाला याहून नेमकं स्थान देता येणार नाही. ७००ई ज्याने १९३७ मध्ये घेतलं तो बहुधा हयात नाही. आजचा मालकही मधल्या पिढीचा आहे. इंजिन त्याच्याकडे आलं आहे आणि जाणार आहे.

जाण्याचा एक प्रसंग या छंदाच्या इतिहासात कोरला गेला आहे. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे जॉन ॲलन या छायाचित्रकाराने आपल्या घराच्या तळघरात ‘गोरी अँड डिफीटेड’ नावाची रेल्वे उभारली. एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या १:८७. छतापासून जमिनीपर्यंत डोंगर, खोल दऱ्या, पूल. नव्या कोऱ्या मॉडेलना धूळ, गंज, काजळी लावून वापरातली दाखवण्याची कला त्याने अमेरिकन छांदिष्टांना शिकवली. मॉडेलसुद्धा राबलेलं दिसलं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. ठरलेल्या संध्याकाळी मित्र जमायचे आणि वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवायचे. जानेवारी १९७३ मध्ये ॲलन हृदयविकाराने गेला. त्यानंतर दहा-बारा दिवसांतच घराला आग लागली आणि त्या रेल्वेचा बहुतेक भाग जळाला.

ही हकिगत ऐकून काही जण म्हणतात, एवढं करून काय उरलं? त्यांचा हिशेब चुकतो. ॲलनची रेल्वे वीस वर्षं चालली. तिची छायाचित्रं मासिकांतून देशभर गेली, तिच्याकडे पाहून कित्येकांनी आपापल्या तळघरांत रूळ टाकले, तिच्यावर हात बसलेल्या माणसांनी पुढे इतरांना शिकवलं. ती कपाटात बंद असती तरी आग लागलीच असती. फरक एवढाच की मागे राखेशिवाय काहीच राहिलं नसतं.

संगीतकार नील यंगची गोष्ट याच्या जोडीला ठेवावी. त्याच्याकडे लायनेलच्या गाड्यांचा मोठा संग्रह होता आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या त्याच्या रांचवर एका कोठारात रूळ मांडलेले होते. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. बोटांनी बारीक कळा दाबणं त्याला शक्य नाही. बापाने त्याला गाडी चालवता यावी म्हणून मोठ्या बटणाची यंत्रणा उभारली. त्या शोधातून तो इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या कामात खोल शिरला, १९९० च्या दशकात लायनेल कंपनीचा भागीदार झाला, आणि कंपनीच्या गाड्यांना दुरून हुकूम देणारी नवी यंत्रणा बाजारात आली. २०१७ मध्ये त्याने आपल्या संग्रहातली बरीच इंजिनं लिलावात काढली. एवढा मोठा संग्राहक, पण त्याच्या गाड्यांची सर्वांत मोठी कमाई कोणती विचारलं तर लिलावाचा आकडा सांगून चालणार नाही. एका मुलाने बटण दाबलं आणि गाडी निघाली, तीच.

न चालवणाऱ्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो पूर्ण मान्य करायला हवा. काही इंजिनं अस्पर्श राहिलीच पाहिजेत. १९३७ मध्ये कारखान्यातला काळा रंग नक्की कसा होता, वायर कोणत्या बाजूने वळवली होती, खोक्यात कागद कसा घडी घालून ठेवला होता, हे सांगायला साक्षीदार लागतो. तो नसेल तर चालवणाऱ्यांच्या दुरुस्त्याही अंदाजाने होतील. पेनसिल्व्हेनियातल्या स्ट्रासबर्ग इथे ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनचंच राष्ट्रीय खेळणी-रेल्वे संग्रहालय आहे. असे साक्षीदार तिथे, सार्वजनिक ठिकाणी, कोरड्या हवेत असावेत. पण साक्षीदार थोडे पुरतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लायनेल अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या खेळणी-कंपन्यांपैकी एक होती. त्या वर्षांची इंजिनं मुबलक बनली, मुबलक उरली. त्यांतलं प्रत्येक इंजिन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करण्याला ज्ञानाचा आधार नाही, फक्त दराचा आहे.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या ध्यासातून उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथल्या गाड्या काचेआड निजलेल्या नाहीत. दिवे मालवतात, छोट्या शहराचे दिवे लागतात, सिग्नल बदलतो आणि गाड्या धावू लागतात. संग्रहालय म्हणजे थांबलेल्या वस्तूंची जागा, या समजुतीला हे पुणेरी उत्तर आहे आणि ते प्रत्येक मराठी पालकाने मुलांना नेऊन दाखवावं.

अनेक मराठी घरांत, परदेशात राहिलेल्या काका-मामांनी कधीकाळी आणलेली अशी एखादी गाडी माळ्यावर असते. हॉर्नबी असेल, मेर्कलिन असेल, लायनेल असेल. ती खाली काढा. मात्र सरळ प्लगमध्ये घालू नका: अमेरिकन ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल आणि जुन्या वायरीचं रबर तडकलं असेल तर हातालाही धोका आहे. आधी जाणत्याकडून वायरी तपासून घ्या. लायनेल आलटत्या प्रवाहावर चालतं, हॉर्नबी डब्लोला १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. गल्लत करू नका. सुकलेलं ग्रीस काढा, कम्युटेटर कापडाने पुसा, आसांवर तेलाचा एकेकच थेंब द्या. रंगाला हात लावू नका, चरे राहू द्या. जो भाग बदलाल तो तारखेसह कागदावर लिहा, जुना भाग पुडीत बांधा आणि दोन्ही खोक्यात ठेवा. मग घरातल्या पोराला बोलवा, ट्रान्सफॉर्मरचा दांडा त्याच्या हातात द्या आणि वळणावर वेग कमी करायला शिकवा.